सहा ओळींचं पाणी

३ एप्रिल, गुरुवार

फिरत्या फवाऱ्याखालची सर्वांत कोरडी जागा कोणती? — फवाऱ्याच्या स्वतःच्या पायाशी! नगरपालिकेच्या बागेत, शाळेच्या हिरवळीवर हे प्रत्येकानं पाहिलेलं असतं. दहा पावलांवर चिखल, आणि खांबाच्या बुडाशी पिवळं, करपलेलं गवत. पाहतात सगळे, विचारत कोणी नाही.

आज सकाळी बागेचा पंप सांभाळणाऱ्या पांतेलेईनं तो चालू केला आणि आमच्याकडेही तेच. सोळा खांब, सोळा फवारे, आणि सोळा खांबांच्या पायाशी धूळ.

उत्तर अवघड नाही. नोझलमधून पाणी तिरकं वर जातं, कमान करतं आणि लांब जाऊन पडतं. जवळ पडतात ते फक्त धारेतून फुटलेले चुकार थेंब. म्हणून एका फवाऱ्याचे पाय भिजवायचे ते त्याच्या शेजाऱ्यानं. एकाची धार दुसऱ्याच्या खांबाला टेकलीच पाहिजे. पंचवीस वर्षं शेतकी महाविद्यालयात हे चित्र मी फळ्यावर काढत आले. आज टेप घेऊन मोजलं : खांबांमधलं अंतर तेरा मीटर, धार पोचते जेमतेम नऊ मीटर.

"बाई, ओलं होतंय ना? मग झालं की!" — पांतेलेई.

नाही झालं. गवत जगवायचं असतं तर झालं असतं.

४ एप्रिल, शुक्रवार

रात्रभर आकडेमोड. आज मन शांत करण्यासाठी सगळं एकदा स्वच्छ लिहून काढते.

अठ्ठेचाळीस झाडं. पाच ओळींत चाळीस, आणि गाडीवाटेच्या पलीकडे, गावच्या रस्त्याला लागून सहावी ओळ — आठ झाडं. हिवाळी नासपती. नाव नाही, नुसता क्रमांक : १७–२४. आईनं एकतीस वर्षं या संशोधन केंद्रात कलमं बांधून, परागकण कुंचल्यानं फिरवून हे झाड घडवलं. पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही नाही.

गेल्या वर्षी भर फुलोऱ्यात उणे सात. त्याच्या आदल्या वर्षी उणे साडेसहा. दोन्ही वर्षं एकही फळ नाही. केंद्राचा नियम तीन हंगामांचा आहे. या वर्षीही फळ धरलं नाही तर शरद ऋतूत ट्रॅक्टर येणार, मुळं उपटणार, मका पेरणार.

म्हणून फवारे. पाणी गोठताना स्वतःतली उष्णता सोडतं. कळीवर पाणी सतत पडत राहिलं, सतत गोठत राहिलं, तर बर्फाच्या कवचाच्या आत कळी शून्याच्या आसपासच राहते, बाहेर उणे पाच का असेना! किती सुंदर युक्ती आहे ही — दरवर्षी वर्गात सांगताना माझा आवाज चढायचा. पण अट कडक आहे. पाणी कमी पडलं, किंवा मध्येच थांबलं, तर ओली कळी कोरडीपेक्षाही जास्त थंड होते. अर्धं पाणी म्हणजे पाणीच न देण्यापेक्षा वाईट.

म्हणून "ओलं होतंय ना" चालणार नाही.

६ एप्रिल, रविवार

डबे गोळा केले. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस आहेत, सगळं गाव डब्यातले मटार आणि मका खातं आहे. वार्वारा मावशीनं एका हाकेत सत्तर रिकामे डबे जमवले. मावशी केंद्रातल्या बायकांच्या टोळीची मुकादम, गेली तीस वर्षं.

"कशाला हो बाई इतके डबे? लग्न आहे का कुणाचं?"

"पाण्याचं," मी म्हटलं.

"मग नवरदेव पांतेलेई. गेली चाळीस वर्षं पाण्याला हात लावला नाही त्यानं, दारूच पितो!"

झाडांमध्ये तीन-तीन मीटरवर डबे मांडले. एक तास पाणी. मग प्रत्येक डब्यात पट्टी घालून मोजलं.

कोपऱ्यांत चोवीस मिलिमीटर. मधोमध सहाच्याही खाली.

चौपट! एकाच शेतात!

७ एप्रिल, सोमवार

सापडलं. इतकं साधं की स्वतःची लाज वाटली.

पांतेलेईनं सोरोकाच्या बाजारातून सोळाही नोझलं एकाच मापाची आणली. चार मिलिमीटरचं भोक. मधले दोन फवारे पूर्ण गोल फिरतात. कडेचे अर्धाच गोल फिरतात, नाहीतर पाणी वाटेवर जाईल. कोपऱ्यातले पाव गोल. पण भोक सगळ्यांचं सारखं! म्हणजे मधला फवारा जितकं पाणी अख्ख्या वर्तुळावर वाटतो, तितकंच पाणी कोपऱ्यातला पाव वर्तुळात ओततो. चौपट होणारच.

आणि आणखी एक. सोळा मोठी भोकं पंपाच्या ताकदीबाहेरची आहेत. दाब पडतो, धार तेरा मीटरच्या जागी नऊवर दम तोडते. खांबाच्या पायाची धूळ आणि कोपऱ्यातला चिखल — दोन वेगळे रोग नाहीत, एकच आहे.

इलाज : पूर्ण गोलाला चार मिलिमीटर. अर्ध्या गोलाला निम्मं पाणी, म्हणजे भोक दोन पूर्णांक आठ. इथे माझे विद्यार्थी दरवर्षी चुकायचे, निम्म्या पाण्याला निम्मं भोक धरायचे. भोकाचा व्यास निम्मा केला तर पाणी चौथाई होतं. म्हणून पाव गोलाला दोन मिलिमीटर.

पांतेलेईला समजावलं. तो विडी चघळत म्हणाला, "म्हणजे ज्याला कमी फिरायचं, त्याला कमी प्यायला."

तंतोतंत. वर्गात असता तर पूर्ण गुण दिले असते.

९ एप्रिल, बुधवार

अर्ध्या गोलाची दहा नोझलं सोरोकात मिळाली. दोन मिलिमीटरची एकाही दुकानात नाही.

नवी दहा बसवल्याबरोबर दाब वाढला, धार थेट शेजारच्या खांबाला जाऊन आपटली. पांतेलेईनं टोपी काढली! मी पण टाळ्या वाजवल्या, एकटीनंच.

संध्याकाळी वारा सुटला आणि नवा घोर लागला. ही नोझलं पाणी सत्तावीस अंशांनी वर फेकतात. वारा नसताना तोच कोन सर्वांत लांब नेतो. पण उंच गेलेला थेंब वाऱ्याच्या हवाली होतो. रस्त्याकडून वारा आला की पाचव्या ओळीचं पाणी तिसऱ्या ओळीवर जातं. तिथे कमी कोनाची हवीत, पंधरा अंशांची, चापून जाणारी. ती मिळाली. दोनच. पाचव्या ओळीच्या मध्यावर लावली.

आता फक्त चार कोपरे.

१० एप्रिल, गुरुवार

लुपानसाहेबांचा फोन. संचालक झाल्यापासून ते माझ्याशी नेहमी खोकून बोलतात.

"झिनोव्हियाबाई, मंगळवारी, बावीसला येतो. ईस्टर झाला की. पाहणी करू, अहवाल लिहू. तुम्हाला माहीतच आहे."

"फुलोरा अजून व्हायचा आहे, साहेब."

"हो हो. मी म्हणतो मनाची तयारी असू द्या. आईंना मी काही सांगितलेलं नाही."

आईला सगळं माहीत आहे. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही तिचा फोनकडचा कान तीक्ष्ण आहे. ठेवल्यावर म्हणाली, "खोकत होता ना? म्हणजे लिहून झालाय अहवाल."

१३ एप्रिल, रविवार

ईस्टरच्या आधीचा, विलो झाडाच्या फांद्यांचा रविवार. सगळं गाव फांद्या घेऊन चर्चहून परतलं. कळ्या पांढऱ्या झाल्या आहेत, टपोऱ्या. दोन-तीन दिवसांत उमलतील.

आईनं खिडकीतून नुसतं बोटानं मोजलं. ओठ हलत होते.

१५ एप्रिल, मंगळवार

हवामानाचा अंदाज : शुक्रवारी रात्र ते शनिवार पहाट, उणे तीन ते उणे पाच. आकाश निरभ्र.

पूर्ण फुलोरा. याच दिवशी.

किशिनाऊला एका दुकानदाराकडे दोन मिलिमीटरची आहेत असं कळलं. गुरुवारी दुपारची बस. रात्री मावसबहिणीकडे मुक्काम, शुक्रवारी सकाळी दुकान उघडताच घेऊन परत. संध्याकाळपर्यंत चारही कोपरे बसतील. वेळ पुरेल. मी तीनदा मोजली.

१७ एप्रिल, गुरुवार. किशिनाऊ

दुकानदार दारातच भेटला. चारही दाखवली. पितळी, झळझळीत. सुईच्या टोकासारखी भोकं. पैसे उद्या घेतो म्हणाला, आज गल्ला बंद केला. झोप येत नाही.

१८ एप्रिल, मोठा शुक्रवार (गुड फ्रायडे)

बसमधून उतरले तेव्हा चार वाजले होते. वळणावरूनच काहीतरी पांढरं दिसलं. वाटलं, फुलोरा.

चुना.

सहाव्या ओळीचे चारही खांब वरपासून खालपर्यंत पांढरेशुभ्र. झाडांचे बुंधे पांढरे. कुंपणाचे दगड पांढरे. आणि फवारे! फवाऱ्यांची डोकी, नोझलं, फिरता दांडा, स्प्रिंग — सगळ्यावर चुन्याचा जाड थर, कुंच्यानं नीट, प्रेमानं, दोन-दोन हात दिलेला. पाचव्या ओळीच्या मधल्या दोन खांबांवरही. पुढे चुना संपला असावा.

ईस्टरच्या आधी आमच्याकडे सगळ्याला चुना लागतो. झाडांना, कडेच्या दगडांना, विहिरीला, विजेच्या खांबांना. मला माहीत नव्हतं का? जन्म इथे गेला माझा! आणि मी रस्त्याच्या कडेला चार गंजके, उघडे खांब उभे करून निघून गेले.

वार्वारा मावशी फाटकाशी उभी. हसत होती आधी.

"बघा बाई, कसं केलंय! काल सगळ्याजणी लागलो. चर्चला जाणारे काय म्हणतील — आईंच्या झाडांपाशी नुसतं लोखंड उभं? तुम्हाला न सांगता केलं, म्हटलं आल्यावर—" मग माझा चेहरा बघून थांबली. "काय झालं?"

मी सांगितलं. बहुतेक ओरडून सांगितलं.

ती चुन्यापेक्षा पांढरी झाली. "पण आम्ही त्यात मीठ घातलं होतं, आणि ताकातलं पाणी. धरून राहावा म्हणून."

धरून राहिला. दगड झाला.

पाच वाजता : चुन्याला आम्ल खातं. व्हिनेगर! लोणच्यांसाठी प्रत्येक तळघरात आहे. मावशी पळाली. अर्ध्या तासात अकरा बायका, बाटल्या, बरण्या. चिंध्या व्हिनेगरात भिजवून डोक्यांना गुंडाळल्या. फेस येतो आहे, हळूहळू.

"भोकं मोकळी करायला सुया आणा," कुणीतरी म्हणालं.

"मोठ्या शुक्रवारी सुई?" मावशी कडाडली. "आज सुई हातात धरली तर वर्षभर बोटं सडतील! केसांतले आकडे काढा."

"आकडा चालतो का?"

"आकड्याबद्दल पाद्रीबाबा काही बोललेले नाहीत."

मी तेव्हा पहिल्या ओळीच्या टोकाला शिडीवर कोपऱ्याचं नोझल बसवत होते. हसू आलं. हसले मी.

साडेसात. चारही कोपरे झाले. चर्चची घंटा वाजते आहे. एकही बाई गेली नाही. थर्मामीटर : अधिक तीन, भराभर उतरतोय. आता खाली जाते.

१९ एप्रिल, शनिवार

रात्रभर झोप नाही. तरी क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या स्वतःशीच खोटं बोलेन.

नऊच्या सुमारास पाचव्या ओळीची दोन नोझलं सुटली. सहाव्या ओळीची एकही नाही. आटे चुन्यानं घट्ट बसले होते. पांतेलेईनं मोठा पाना लावला. मी म्हटलं, थांब, अजून भिजू दे. तो म्हणाला, "बाई, वेळ कुठे आहे?" आणि जोर दिला. नोझल नाही, खांबातला पाइपच तुटला, बुडापासून. चाचणीसाठी पाणी सोडलेलंच होतं. फुटक्या नळासारखं उसळलं. मागे वळून पाहिलं तर पाचही ओळींच्या धारा खाली बसलेल्या. दाब पडला.

निर्णय एकच होता. सहाव्या ओळीची चावी मी बंद केली. माझ्या हातानं. आठ झाडं. आई खिडकीत होती, दिवा न लावता.

साडेबाराला हवा शून्याच्या खाली गेली, आम्ही पूर्ण पाणी सोडलं. पहाटे पाचला उणे चार पूर्णांक एक. बायका घरी जायला तयार नाहीत, पंपाच्या खोलीत दाटीवाटीनं बसून प्रार्थना पुटपुटत होत्या.

उजाडलं तेव्हा पहिल्या चार ओळींवर बर्फ काचेसारखा. आतली फुलं स्पष्ट दिसत होती, जशी काचेच्या गोळ्यात. हेच हवं असतं! पाणी पुरेसं पडलं की बर्फ पारदर्शक होतो. मी पळत पाचव्या ओळीकडे गेले.

दुधासारखा पांढरा. मधल्या पाच झाडांवर. त्यात हवा अडकलेली, पाणी अपुरं, तुटक.

नोझल काढून भिंगाखाली धरलं. भोकाच्या कडेवर ओरखडे. पितळ मऊ असतं, केसांचा आकडा पोलादी. कड जराशी जरी ओरखडली तरी धार विस्कटते, अर्धं पाणी धुकं होऊन वाऱ्यावर जातं. पितळी नोझलच्या भोकात पोलाद कधीही घालायचं नाही, लाकडी काडी वापरायची — पंचवीस वर्षं हे वाक्य मी विद्यार्थ्यांना वहीत लिहून घ्यायला लावत होते. काल संध्याकाळी अकरा बायका माझ्यासमोर आकडे काढत होत्या आणि मी शिडीवर हसत होते!

बर्फ पूर्ण वितळून गळेपर्यंत पाणी चालू ठेवलं. दहा वाजता पंप बंद.

सहावी ओळ कोरडी, स्तब्ध. तिच्याकडे पाहिलं नाही.

२० एप्रिल, ईस्टर

"ख्रिस्त उठला!"

"खरंच उठला."

दिवसभर हेच, प्रत्येक दारात. मी उत्तर देत होते.

दुपारी हिंमत करून झाडांत गेले. पाकळ्या तपकिरी. पहिल्या ओळीतही, पाचवीतही, सहावीतही. काचेचा बर्फ, दुधट बर्फ, बर्फच नाही — सगळ्यांच्या पाकळ्या सारख्याच, भिजलेल्या चहापत्तीसारख्या. म्हणजे कोन, भोकं, दाब, डबे, किशिनाऊ — कशानंही काही झालं नाही. वाऱ्यानं पाकळ्यांचा कागदासारखा आवाज येत होता.

वार्वारा मावशी ईस्टरची लाल अंडी घेऊन आली. उंबऱ्याच्या आत येईना.

"बाई, मला दोन थोबाडीत द्या. म्हणजे मला जेवण जाईल."

"मावशी, आत या."

"नाही येत. आईंना काय सांगू मी? तीस वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. त्यांची झाडं मी चुन्यानं मारली."

"मी मारली," मी म्हटलं. "चावी मी बंद केली. आकडे मी बघत राहिले."

"तर दोघींनी मारली," ती म्हणाली आणि अंडी पायरीवर ठेवून गेली.

पांतेलेई लांबूनच टोपी हलवून गेला. रस्त्यापलीकडच्या त्याच्या अंगणात साध्या नासपतीची झाडं आहेत, नेहमीची, बाजारातली. तीही तपकिरी.

लुपानसाहेबांना पत्र लिहिलं. आपण मंगळवारी येण्याचे कष्ट घेऊ नयेत, झाडं काढण्याला मी सहमत आहे, सही पाठवत आहे. दोनदा लिहिलं, कारण पहिल्यात "आईच्या" शब्दावर शाई पसरली.

आईला वाचून दाखवायचं धैर्य नाही. ती जेवली नाही. मीही नाही.

उद्या सकाळच्या टपालानं पाठवीन.

२१ एप्रिल, सोमवार

टपाल निघून गेलं. पत्र माझ्या खिशातच आहे.

सकाळी उठले तर आईची खाट रिकामी. काठी नाही, बूट नाहीत. धावत गेले. ती सहाव्या ओळीत, तिसऱ्या झाडाला पाठ टेकून उभी, ओटीत फुलं.

"पाकळ्या काय बघत बसलीस काल?" म्हणाली. "पाकळ्या मधमाशीसाठी असतात. आत बघ." आणि अंगठ्याच्या नखानं फूल देठापासून वर, उभं चिरलं.

मी पाण्याची बाई, झाडांची नाही. हे मला माहीत नव्हतं! पाकळ्या सोडून द्यायच्या. मधोमध, देठाच्या वर, मोहरीएवढा दाणा असतो. तो काळा तर फूल मेलं. हिरवा तर तिथे फळ धरेल.

प्रत्येक ठिकाणची दहा-दहा फुलं चिरली. दोघींनी, दोन वेळा.

दुसरी ओळ, काचेचा बर्फ : नऊ हिरवी.

पाचवी, दुधट बर्फ : एक हिरवं.

पांतेलेईचं अंगण, कोरडं, साधी नासपती : एकही नाही.

सहावी ओळ, उणे चार, पाण्याचा थेंब नाही : आठ हिरवी.

मी आकडे तिसऱ्यांदा मांडत होते तेव्हा आई म्हणाली, "झिने, तू सगळ्या ओळींना पाणी देणार होतीस. एक ओळ कोरडी ठेवायची असते, नाहीतर झाडाला काय सोसतं ते कळणार कसं? शिकवतेस ना कॉलेजात?"

शिकवते.

"वार्वाराला बोलाव. सगळ्याजणींना बोलाव. अंडी घेऊन म्हणावं."

उद्या लुपानसाहेब येतील, फाटकाशी खोकतील. त्यांना अहवाल काढू देणार नाही. आधी त्यांच्या हातात दोन फुलं देईन — एक रस्त्यापलीकडचं, एक अलीकडचं. दोन्ही तपकिरी, दोन्ही सारखीच मेलेली दिसणारी. आणि म्हणेन, साहेब, अंगठ्याचं नख लावा. देठापासून वर. मधोमध बघा.